वेस उघडी, पण कागद कुठे?

 

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत वाद झाला. हप्त्यावरून किंवा व्याजावरून नाही. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातल्या वहिनी त्या दिवशी बैठकीला आल्या होत्या. नवरा बाग राखतो, या पेट्या भरायला मदत करतात, मांगरातच राहतात. त्यांना आपल्या गटात महिन्याचे पैसे टाकायचे होते. तेव्हा आमच्या एक काकू बोलल्या. काकूंचा मुलगा कुवेतला आहे. त्या म्हणाल्या, "माझ्या पोराला कुवेतला जायला पासपोर्ट, व्हिसा, मेडिकल, एजंट करता करता सहा महिने गेले. माझी माळ गहाण पडली. आणि ही माणसं दुसऱ्या देशातून येऊन आपल्या बागेत राहतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. हे कसं काय?"

वहिनींनी मान खाली घातली. काकूंना टोचून बोलायचं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि आज ते तुमच्यासमोर ठेवतो आहोत. आजचा विषय आहे व्हिसा न लागणारी सीमा, म्हणजे भारत आणि नेपाळ यांच्यातली सीमा.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पासपोर्ट आपला देश देतो. ही व्यक्ती आमची आहे, असं त्यात लिहिलेलं असतं. व्हिसा समोरचा देश देतो. आमच्याकडे यायला हिला परवानगी आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे पासपोर्ट ही ओळख आणि व्हिसा ही उंबऱ्याच्या आत येण्याची संमती.

ही पद्धत फार जुनी असेल असं आपल्याला वाटतं. तशी ती नाही. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं, त्याआधी युरोपातली बरीच माणसं पासपोर्टशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात जात. युद्धात हेरांची भीती वाटू लागली, म्हणून कागद सक्तीचे झाले. युद्ध संपलं, पण सक्ती उठली नाही. १९२० साली पॅरिसला देशांची परिषद झाली आणि पासपोर्टची वही कशी असावी ते तिथे ठरलं. त्याच वर्षी इंग्रज सरकारने आपल्याकडेही पासपोर्टचा कायदा केला. म्हणजे काकूंच्या मुलाला ज्या कागदांनी घाम फोडला, ती सगळी व्यवस्था साधारण शंभर वर्षांची आहे.

नेपाळकडची वाट मात्र त्याहून कितीतरी जुनी. आपल्या आज्या जात्यावर सीतामाईच्या ओव्या गात. तिचं माहेर मिथिला. त्या मिथिलेचा एक भाग आज बिहारात आहे आणि एक नेपाळात. जनकपूर हे सीतेचं माहेर मानतात, ते नेपाळात आहे, आणि सासर अयोध्या भारतात. आजही विवाहपंचमीला जनकपुरात राम-सीतेचं लग्न लावतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना मैथिली, भोजपुरी, अवधी बोलणारी माणसं राहतात. भाषा एक, सण एक, जाती-कुळं एक. त्यामुळे लग्नं जमायची ती या गावातून त्या गावात. मधे देशाची सीमा आहे हे वऱ्हाड्यांच्या ध्यानातही नसायचं. तिकडे याला 'रोटी-बेटीचं नातं' म्हणतात. आपल्याकडे रोटी-बेटी व्यवहार म्हटलं की जातीची गोष्ट निघते, तिकडे दोन देशांची निघते.

मग ही सीमा आखली कोणी? १८१४ साली इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यात युद्ध पेटलं. नेपाळ हरलं. सुगौली इथे तह झाला आणि १८१६ साली तो पक्का झाला. पश्चिमेला महाकाली नदी आणि पूर्वेला मेची नदी, यांच्यामध्ये नेपाळ उरलं. याच युद्धात इंग्रजांनी गुरखा सैनिकांचं शौर्य पाहिलं आणि त्यांना आपल्या फौजेत घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे प्रत्येक नेपाळी माणसाला गुरखा म्हणायची सवय लागली, तिचं मूळ तिथे आहे. खरं तर प्रत्येक नेपाळी गुरखा नसतो, जसा प्रत्येक मराठी माणूस मावळा नसतो.

इथे आपला, मराठी माणसांचा, एक धागा जुळतो. १८५७ चा उठाव इंग्रजांनी मोडून काढला. नानासाहेब पेशवे आपल्या माणसांसह नेपाळच्या तराईत उतरले. तराई म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा सपाट, जंगलाचा पट्टा. अवधच्या बेगम हजरत महल याही मुलाला घेऊन नेपाळात गेल्या. १८७९ साली त्यांचा मृत्यू काठमांडूतच झाला आणि त्यांची कबर आजही तिथे आहे. म्हणजे या वाटेने पोटासाठी इकडे येणारे होते, तसे जीव वाचवायला तिकडे जाणारेही होते. तेही आपलेच.

नेपाळचे त्या वेळचे राज्यकर्ते जंगबहादूर राणा यांनी मात्र उठावात इंग्रजांना सैन्याची मदत केली होती. त्याची परतफेड म्हणून १८६० साली इंग्रजांनी तराईचे काही जिल्हे नेपाळला परत दिले. त्यांत बांके जिल्हा होता. नेपाळगंज शहर त्याच जिल्ह्यात येतं. आमच्या वहिनी गावाहून येतात त्या नेपाळगंजवरूनच. रुपईडिहाचा नाका ओलांडला की भारत. मग बहराइच, लखनौ, मुंबई आणि शेवटी कोकण रेल्वेने आपल्याकडे. बाईच्या डोक्यावर बोचकं आणि कडेवर मूल, आणि पायाखाली एवढा इतिहास.

आता येऊ मुख्य गोष्टीकडे. ३१ जुलै १९५० या दिवशी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. करार छोटा आहे, फक्त दहा कलमांचा. त्यातलं सातवं कलम आपल्या प्रश्नाचं उत्तर देतं. एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा या बाबतींत, परस्परांच्या बोलीवर, सवलती मिळतील असं त्यात म्हटलं आहे. व्हिसा हा शब्द त्यात नाही. माणसं पूर्वीपासून जशी येत-जात होती, त्या वहिवाटीला कराराने शिक्का दिला. शेतातल्या पायवाटेची सातबाऱ्यावर नोंद व्हावी, तसंच काहीसं. मालमत्तेची गोष्ट पुढे व्यवहारात तितकी मोकळी राहिली नाही, पण येणं-जाणं आणि काम करणं मोकळं राहिलं.

हा करार कशासाठी झाला? केवळ प्रेमापोटी झाला, असं म्हणणं खरं होणार नाही. १९४९ साली चीनमध्ये साम्यवादी सरकार आलं. तिबेटचं पुढे काय होणार, याची भारताला काळजी होती. हिमालयाच्या कुशीतला नेपाळ आपल्याबरोबर राहावा असं भारताला वाटत होतं. नेपाळात तेव्हा राणा घराण्याची सत्ता होती, आणि तिच्याविरुद्ध लोक उठत होते. राणांना भारताचा आधार हवा होता. नेपाळकडून पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांनी सही केली, भारताकडून राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी. सहीनंतर वर्षही उलटलं नाही, तोच राणांची शंभर वर्षांहून जुनी एकछत्री सत्ता संपली. करार मात्र टिकला.

नेपाळातल्या बऱ्याच लोकांच्या मनात याबद्दल सल आहे. आमच्याकडून पंतप्रधान आणि तुमच्याकडून राजदूत, ही बरोबरी कशी, असं ते विचारतात. जनतेने न निवडलेल्या सरकारने सही केली, हाही त्यांचा आक्षेप. २०१६ साली दोन्ही देशांच्या जाणत्या माणसांचा एक गट नेमला गेला. २०१८ साली त्यांचा अहवाल तयार झाला, पण कराराच्या मजकुरात बदल झालेला नाही. करारातच लिहिलं आहे की कोणत्याही एका देशाने वर्षभर आधी कळवलं की तो संपवता येतो. आजवर कोणी तसं कळवलेलं नाही.

आपल्या मुंबईहून युरोपात फिरायला जाणारे लोक 'शेंगेन व्हिसा' म्हणतात, तोही याच जातीचा करार. शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातलं नदीकाठचं एक गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे मोसेल नदीवर एका बोटीत पाच देशांनी सह्या केल्या. सीमेवर तपासणीसाठी ताटकळणारे ट्रकवाले त्याआधी रस्त्यावर उतरले होते. सही झाली तरी नाके प्रत्यक्ष उठायला १९९५ साल उजाडलं. त्या देशांना घासाघीस करून जे दहा वर्षांत जमलं, ते बिहारातल्या आणि तराईतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या. सकाळी पलीकडच्या बाजारात जायचं, मीठ-मिरची घ्यायची, लेकीला भेटायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं.

भारत-नेपाळ सीमा साडेसतराशे किलोमीटरांहून लांब आहे. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम ही आपली पाच राज्यं तिला लागून आहेत. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बल पहारा देतं. कुठे नदी सीमा आहे, कुठे शेताचा बांध, कुठे नुसता दगडी खांब.

पण मैत्रिणींनो, सासरची माणसं रुसली की माहेरची वाट बंद होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. देशांचंही तसंच होतं. १९८९ साली दोन देशांमधले व्यापाराचे करार संपले आणि नवे झाले नाहीत. भारताने माल जाण्याचे बहुतेक रस्ते बंद केले, दोनच उघडे ठेवले. वर्षाहून जास्त काळ तिकडे रॉकेलची टंचाई होती. २०१५ साली एप्रिलमध्ये मोठा भूकंप झाला. सप्टेंबरमध्ये नेपाळने नवं संविधान स्वीकारलं आणि त्यावरून तराईत आंदोलन पेटलं. ट्रक सीमेवर अडकले. नेपाळ म्हणालं भारताने नाकेबंदी केली, भारत म्हणाला तुमच्याच आंदोलकांनी वाट अडवली. कोणाचंही खरं असो, गॅस मिळेना म्हणून चुली पेटवाव्या लागल्या त्या बायकांनाच. भूकंपात घर पडलेलं, वर थंडी, आणि डोळ्यांत धूर.

विमानाची वाटही बदलली. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आपलं विमान पळवून नेण्यात आलं. त्यानंतर विमानाने ये-जा करणाऱ्यांना ओळखीचा कागद सक्तीचा झाला. तुम्ही पशुपतिनाथाच्या यात्रेला विमानाने जाणार असाल, तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका.

आणि २०२०. कोरोनाच्या मार्च महिन्यात ही सीमा बंद झाली. रोटी-बेटीची वाट दोन्हीकडून मिटली. महाकाली नदीवरच्या धारचुलाच्या पुलाशी शेकडो नेपाळी मजूर अडकले. काहींनी नदीत उडी मारली आणि पोहत पलीकडचा काठ गाठला. आपल्याकडच्या आंब्याच्या बागांतले आणि मासेमारीच्या बोटींवरचे नेपाळी लोकही तेव्हा घरी जाऊ शकले नाहीत. वहिनी सांगतात, त्यांचे सासरे त्याच उन्हाळ्यात वारले आणि नवऱ्याला तोंड बघायला मिळालं नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती जड आहे, पण आपण बायांनीच ती बोलायला हवी. वेस उघडी असली की लेक येते, तशी लेकीला फसवून नेणाराही येतो. नोकरी लावतो, लग्न करतो, मुंबई दाखवतो, असं सांगून नेपाळच्या डोंगरातल्या मुलींना सीमेपार आणून विकण्यात आलं. बरोबर पुरुष आहे, तो सांगतो ही माझी बायको किंवा बहीण, आणि कागद कोणी मागत नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत पोलिसांनी कुंटणखान्यांवर छापे घातले आणि शेकडो मुली सोडवल्या. त्यांत दोनशेच्या आसपास मुली नेपाळच्या होत्या.

सुटल्या, आता घरी जातील, असं कोणालाही वाटेल. पण त्यांच्या देशाचं सरकार त्यांना घ्यायला पुढे येईना. या नेपाळच्याच कशावरून? जन्माचा दाखला कुठे आहे? नागरिकतेचं प्रमाणपत्र कुठे आहे? त्या आजार घेऊन येतील अशीही भीती बोलून दाखवली गेली. ज्या सीमेवर विकायला नेताना एकाही कागदाची गरज पडली नव्हती, त्याच सीमेवर परत जाताना कागद आडवा आला. या मुली कित्येक महिने सुधारगृहांत पडून राहिल्या. शेवटी नेपाळातल्या संस्थांनी पुढाकार घेऊन त्याच वर्षी शंभराहून जास्त जणींना मायदेशी नेलं.

त्यांतल्याच काही मुलींनी स्वतःची संघटना काढली. तिचं नाव शक्ती समूह. ज्या स्वतः त्या नरकातून गेल्या होत्या, त्यांनीच ती उभी केली. नागरिकता मिळवून देणं, हाताला काम शिकवणं, गावोगावी मुलींना सावध करणं, ही कामं त्या करतात. २०१३ साली या संघटनेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसरी संस्था आहे माइती नेपाळ. १९९३ साली अनुराधा कोइराला या शिक्षिकेने ती सुरू केली. 'माइती' या नेपाळी शब्दाचा अर्थ माहेर. या संस्थेच्या बाया सीमेच्या नाक्यांवर उभ्या असतात, त्यांतल्या काही स्वतः त्या दुःखातून बाहेर आलेल्या. घाबरलेली मुलगी, तिच्याऐवजी बोलणारा पुरुष, हे त्यांना लांबूनच कळतं. त्या मुलीला बाजूला घेतात आणि विचारतात, बाळ, कुठे चाललीस? कोणाबरोबर? घरी माहीत आहे का? भारत सरकारनेही २०१७ साली अनुराधाताईंना पद्मश्री दिली.

मग वेस बंद करावी का? आम्ही गटात यावर खूप बोललो. आमचं मत असं झालं की नाही. वेस बंद केली तर दलाल आडवाट शोधेल, आणि माहेरी निघालेली बाई मात्र नाक्यावर अडकेल. वेस उघडी राहावी, तिथे माइतीसारख्या बाया उभ्या राहाव्यात, आणि प्रत्येक बाईच्या हातात तिच्या स्वतःच्या नावाचा कागद असावा. सीमा ओलांडायला तो लागत नसेल, पण संकटात तू कोण, हे सांगायला तोच लागतो.

आमच्या वहिनींचंच बघा. नेपाळात वयाच्या १६ व्या वर्षी नागरिकता प्रमाणपत्र काढता येतं. नवऱ्याने काढलं आहे. वहिनींनी कधी काढलंच नाही. लग्न लवकर झालं, मग काम, मग मूल. 'मला कुठे लागतो कागद,' असं त्या म्हणत राहिल्या. हेच वाक्य आपल्या किती जणींच्या तोंडी असतं! आईच्या नावावर मुलांना नागरिकता मिळावी म्हणून नेपाळातल्या बायका वर्षानुवर्षं लढत आहेत. कारण तिथे बापाचा कागद चालतो तसा आईचा सहजी चालत नाही. आपल्याकडे घरावर, जमिनीवर बाईचं नाव लावायला किती हेलपाटे पडतात, ते आठवा म्हणजे त्यांचं दुःख कळेल.

आम्ही त्या दिवशी काय ठरवलं ते सांगतो. ओळखीच्या कागदाशिवाय वहिनींचं नाव गटात घेता येत नाही, हे त्यांना नीट बसून समजावलं. आंबा संपला की जूनमध्ये त्या गावी जाणार आहेत, तेव्हा प्रमाणपत्राचं काम आधी करायचं, असं नवरा-बायको दोघांकडून कबूल करून घेतलं. त्यांचं बाळ इथेच, आपल्या तालुक्यात जन्मलं. त्याच्या जन्माची नोंद झाली होती, पण दाखला कोणी आणला नव्हता. तो आणायला वहिनींबरोबर कोण गेलं माहीत आहे? आमच्या कुवेतवाल्या काकू. म्हणाल्या, "माझा पोरगा परक्या देशात आहे. तिथे त्याच्याबरोबर कोणी तरी ऑफिसात जात असेल की."

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. आपल्या गावात बागेत, बोटीवर, वीटभट्टीवर बाहेरून आलेलं कुटुंब असेल, तर त्यातल्या बाईला तिचं नाव विचारा, 'नेपाळीण' म्हणून हाक मारू नका. कोणाच्याही घरी मूल जन्मलं, मग ते कुठल्याही देशाचं असो, २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करायला सांगा. त्या नोंदीने नागरिकत्व मिळत नाही, पण हे मूल या आईचं, एवढं तरी जगात कुठेही सिद्ध होतं. आणि तिसरं, आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. तुमच्या स्वतःच्या नावाचे किती कागद आहेत, ते मोजा आणि पुढच्या बैठकीत सांगा.

वहिनी जूनमध्ये जातील आणि पावसाळा सरता सरता परत येतील. त्या आल्या की त्यांनाच इथे स्टुडिओत बोलवू. तोवर सगळ्यांना नमस्कार.